निलंबन, मालवाहू गाड्यांचे

निलंबन, मालवाहू गाड्यांचे : गाडीचा सांगाडा (चासी) चाके व आस यांवर लवचिकपणे तोलून धरणाऱ्या स्प्रिंगा, धक्काशोषक, सांधे व जोडदांडे यांच्या समूहाला निलंबन म्हणतात. गाडीचा व तीतील मालाचा भार चाकांवर वाटणे, रस्त्याचे धक्के सांगाड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी सौम्य करणे आणि चाके सतत जमिनीला टेकलेली ठेवणे ही त्याची तीन मुख्य कामे होत. यांपैकी तिसरे काम सर्वांत कमी लक्षात येते. परंतु चाक जमिनीवरून उचलले गेले, की गतिरोधक (ब्रेक) व सुकाणू दोन्ही निरुपयोगी होतात, म्हणून सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे ठरते. कारागिरांच्या बोलीत निलंबनाचा उल्लेख बहुधा त्याच्या भागांच्या नावांनी, म्हणजे ‘पाटे’ व ‘शॉकअप’ असा होतो.

लहान मालवाहू मोटारीच्या (पिकअपच्या) निलंबनात मालकाकडून दोन प्रकारचे फेरफार केले जातात. एक, जादा माल पेलावा म्हणून पाट्यांची संख्या वा जाडी वाढविणे. दुसरा, खाचखळग्यांतून व नाल्यांतून गाडी सहज जावी म्हणून तिचा सांगाडा उंच करणे. पहिल्याला भारवृद्धी व दुसऱ्याला उंचावणी म्हणता येईल. दोन्ही फेरफारांनंतर गाडी उभी असताना पूर्वीपेक्षा उंच दिसते, त्यामुळे पुष्कळदा त्यांची गल्लत होते. वस्तुतः त्यांचे हेतू, परिणाम व धोके भिन्न आहेत. निलंबनाच्या इतिहासातही वजन वाहणे, खडतर वाट पार करणे व उलटण्यापासून बचावणे या तीन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याचा प्रयत्न सतत दिसतो.

पूर्वेतिहास : बिनस्प्रिंगांच्या गाडीत धक्का कमी करण्याचे प्रमुख साधन म्हणजे मोठे चाक. चाकाचा व्यास जितका मोठा, तितके ते खड्ड्यात कमी उतरते व दगडावर कमी चढाने जाते. महाराष्ट्रातील जुन्या बैलगाडीची लाकडी चाके पुरुषाच्या छातीपर्यंत येण्याइतकी उंच असत, याचे कारण हेच. आरे, तुंबा व लोखंडी धाव असलेले हे चाक तापीच्या खोऱ्यातील काळ्या चिखलातही चालत असे. मात्र चालकाला व मालाला बसणारा हादरा पुरेपूर बसे. माणसांच्या प्रवासासाठी छकडा, दमणी अशा हलक्या गाड्या वापरीत. त्यांतही सुख लाभे ते मुख्यतः खाली पसरलेल्या पेंढ्यामुळे व गादीमुळे.

यूरोपात प्रवासी गाडीचा डबा चामडी पट्ट्यांनी चौकटीला टांगण्याची पद्धत मध्ययुगाच्या उत्तरार्धात रूढ झाली. निलंबन या शब्दातील लटकण्याचा अर्थ या पद्धतीशी जुळतो. हंगेरीतील कोच या गावच्या गाड्या विशेष प्रसिद्ध असल्याने यूरोपीय भाषांत अशा गाडीला ते नाव मिळाले. पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा अठराव्या शतकात प्रचारात आल्या. १८०५ च्या सुमारास ओबादाया एलियट या इंग्रज गाडीकाराने लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगेचे एकस्व (पेटंट) मिळविले. त्यामुळे गाडीखालील जड लाकडी दांडा वगळता येऊ लागला व गाड्या हलक्या झाल्या. स्प्रिंगेचे मूलतत्त्व त्यापूर्वीच रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केले होते : स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत विकृती ही भाराच्या प्रमाणात असते. दुप्पट भाराने स्प्रिंग दुप्पट दबते, हा आजही गाडीखाली लागू असलेला नियम होय.

भारतात स्प्रिंगांच्या गाडीचा सामान्य माणसाला परिचय झाला तो टांग्यामुळे व रेल्वेमुळे. सुरत ते अमळनेर हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला व नंदुरबार ही कापसाची व धान्याची पेठ त्यावर आली. स्थानकापर्यंतची वाहतूक मात्र पुढेही दीर्घकाळ बैलगाडीनेच होत राहिली. रबरी हवाभरित धावा बसविलेली बैलगाडी (टायरगाडी) १९३० नंतर प्रसार पावू लागली. ऊस वाहतुकीत तिचा विशेष उपयोग झाला. तिला पोलादी स्प्रिंगा नसल्या, तरी टायरातील हवा हीच तिची स्प्रिंग होती. जनावरांच्या जत्रांसाठी व घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या सारंगखेड्यासारख्या ठिकाणी येणाऱ्या गाड्यांमध्ये हा बदल एका पिढीच्या अवधीत घडून आला.

मोटारयुगातील विकास : आरंभीच्या मोटारींनी घोडागाडीचीच पाट्यांची स्प्रिंग उचलली. अनेक पाट्यांच्या स्प्रिंगेत पाटे एकमेकांवर घासतात व त्या घर्षणाने आंदोलने काही प्रमाणात आपोआप शमतात, म्हणून सुरुवातीस वेगळ्या धक्काशोषकाची निकड भासली नाही. वेग वाढल्यावर मात्र घर्षणाचे, नंतर तेलाचे धक्काशोषक आले. पुढच्या दोन चाकांना एका सलग आसाऐवजी स्वतंत्रपणे वरखाली होऊ देणारे निलंबन इटलीतील लान्चिया कंपनीने १९२२ मधील लाम्ब्दा मोटारीत वापरले. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३४ पासून आपल्या मोटारींत असे निलंबन देण्यास प्रारंभ केला. प्रवासी मोटारी मळसूत्री स्प्रिंगांकडे वळल्या. मालवाहू गाड्या मात्र पाट्यांनाच चिकटून राहिल्या. भार पेलणे व आस जागेवर धरणे ही दोन्ही कामे पाटा एकटाच करतो, तो स्वस्त असतो आणि तुटला तर वाटेवरच्या गावातही बदलता येतो, ही त्याची कारणे होत.

दुसऱ्या महायुद्धातील जीप हे उंच व लवचिक निलंबनाचे पहिले जगप्रसिद्ध उदाहरण. चारही चाकांना शक्ती, आखूड लांबी, पाट्यांच्या स्प्रिंगा आणि तळाखाली सु. २२ सेंमी. मोकळी उंची यांमुळे ती रस्ता नसलेल्या भागात वावरू शकली. युद्धानंतर अमेरिकेत शिलकी जीपगाड्या घेऊन डोंगरवाटा तुडविण्याचा छंद रुजला. त्यातून जादा उंचीच्या स्प्रिंगा, ठोकळे, मोठे टायर व त्यांना जुळते धक्काशोषक यांचे तयार संच विकणारा मोठा व्यवसाय उभा राहिला. उंचावणी संच म्हणून आज जगभर मिळणाऱ्या वस्तूंचा हा उगम होय. या छंदाची दुसरी बाजूही तेथेच प्रथम पुढे आली. रॅल्फ नेडर यांच्या १९६५ मधील ग्रंथाने मोटारीच्या निलंबनाची रचना व अपघात यांचा संबंध सार्वजनिक चर्चेत आणला, तर १९८० च्या सुमारास सीजे-५ या आखूड जीपच्या उलटण्याच्या प्रवृत्तीवरून मोठा वाद झाला.

महाराष्ट्रातील परंपरा : जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारी व ट्रक यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रेरणेने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली व कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. जीपगाड्यांची जुळणी महिंद्र कंपनीने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे आरंभली. पुढे १९६५ पासून ती हलकी मालवाहू वाहनेही बनवू लागली. टेल्को (पुढील टाटा मोटर्स) कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीतील डाइम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने ट्रकनिर्मिती सुरू केली. फिरोदिया उद्योगसमूहातील बजाज टेम्पो कंपनी १९५८ मध्ये स्थापन झाली. तिच्या तीनचाकी गाडीचे नाव मराठीत इतके रुळले, की ‘टेम्पो’ हा शब्द कोणत्याही लहान मालवाहू गाडीला लावला जाऊ लागला.

१९८० नंतरच्या दशकात हलक्या मालवाहू गाड्यांची मागणी वाढली. पुण्यात तयार झालेली टाटा ४०७ ही गाडी १९८६ मध्ये व टाटामोबिल ही पिकअप १९८८ मध्ये बाजारात आली. २००५ मध्ये आलेल्या टाटा एस या छोट्या चारचाकी गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. तिला पुढे व मागे दोन्हीकडे पाट्यांच्याच स्प्रिंगा होत्या. महिंद्र कंपनीची बोलेरो २००० साली आली आणि तिच्या नावाच्या पिकअप गाड्या ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र दिसू लागल्या. छंदासाठी वा कुटुंबासाठी वापरण्याजोगी दुहेरी आसनांची पिकअप भारतात उशिरा आली. इसुझू कंपनीची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटा कंपनीची हायलक्स २०२२ मध्ये येथे विकली जाऊ लागली. अमेरिकन धर्तीचे उंचावणी संच भारतात प्रामुख्याने अशा गाड्यांच्या व जीपगाड्यांच्या मालकांकडून घेतले जातात. खेड्यातील पिकअपवाला मात्र उंचीपेक्षा भाराच्या गरजेपोटी कारागिराकडे जातो. भारतातील निलंबन-फेरफाराची मुख्य परंपरा ही भारवृद्धीची आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील परिस्थिती : पूर्वीच्या पश्चिम खानदेशाचा भाग असलेला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. मालवाहू गाडीच्या दृष्टीने या जिल्ह्याचे दोन भाग पडतात. पहिला तापी खोऱ्याचा सखल भाग. नंदुरबार तालुक्यातील कोरीट हे गाव याच खोऱ्यात येते. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरील रस्त्याचा पाया स्थिर राहत नाही. शेतवाटांत पावसाळ्यात चाकोऱ्या खोल होतात. मिरची, कापूस, ऊस, पपई, केळी यांची वाहतूक हे येथील गाड्यांचे मुख्य काम. नंदुरबारची बाजारपेठ लाल मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. वाळलेली मिरची वजनाने हलकी पण आकारमानाने मोठी असल्याने पोती उंच रचावी लागतात.

दुसरा भाग सातपुड्याचा. अक्राणी (धडगाव) व अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगराळ गावे, सु. १,१५० मी. उंचीवरील तोरणमाळ आणि नर्मदेकाठचे पाडे यांत मोडतात. काही पाड्यांपर्यंत रस्ता नाही; सरदार सरोवराच्या फुगवट्यालगतच्या काही गावांना बोटीनेच जावे लागते. देशातील मुख्य अभियंत्यांनी १९४३ मध्ये नागपूर येथे आखलेल्या रस्तेयोजनेपासून, १९७२ च्या दुष्काळानंतरच्या रोजगार हमीच्या कामांतून व डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून रस्त्यांचे जाळे विस्तारत गेले. तथापि तीव्र उतार, अरुंद वळणे व पावसात वाहून जाणाऱ्या मोऱ्या हे सातपुड्यातील वाटांचे वैशिष्ट्य कायम आहे. उंच गाडीची खरी गरज येथे आहे आणि उंच गाडी उलटण्याचा सर्वाधिक धोकाही येथेच आहे.

या धोक्याला सामाजिक बाजूही आहे. जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. इतर मजूर शेतीकामासाठी सखल भागात उतरतात. बस सोयीची नसते वा पोहोचत नाही तेथे माणसे मालवाहू गाडीच्या हौद्यात उभी राहून प्रवास करतात. तोरणमाळ परिसरातील खडकी घाटात जानेवारी २०२१ मध्ये मजुरांची गाडी दरीत कोसळून जीवितहानी झाली. अशा दुर्घटनांना रस्ता, वेग, गतिरोधकांची स्थिती, गर्दी अशी अनेक कारणे असतात व त्यांचा दोष एकट्या निलंबनावर टाकता येत नाही. परंतु हौद्यात माल आहे की माणसे, यावर गाडीचा तोल फार अवलंबून असल्याने निलंबनाचा विचार या वस्तुस्थितीला सोडून करता येत नाही.

पाट्यांचे कार्य व भारवृद्धी : मुख्य पाटा दोन्ही टोकांना वळवून त्यात बुश बसवितात. एक टोक सांगाड्याला पक्के व दुसरे हलत्या शॅकलला जोडतात, म्हणजे दबल्यावर पाट्याला लांबायला जागा मिळते. त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे असतात व सर्वांना यू बोल्टांनी आसाशी आवळतात. काही गाड्यांत मुख्य संचावर जादा पाट्यांचा छोटा संच (हेल्पर) असतो. भार वाढल्यावरच तो आधाराला टेकतो. रिकाम्या गाडीला मऊपणा व भरलेल्या गाडीला ताठपणा देण्याची ही सोपी युक्ती होय.

पाट्यांचा ताठपणा त्यांच्या संख्येच्या व रुंदीच्या समप्रमाणात, जाडीच्या घनाच्या प्रमाणात आणि लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला, तर ताठपणा सु. २० टक्क्यांनी वाढतो. उलट पाट्यांची जाडी दुप्पट केली, तर तो आठपट होतो. म्हणून जुन्या ट्रकचा जाड पाटा पिकअपखाली घालण्याचा परिणाम मालकाच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ तीव्र होतो. आंदोलनांच्या भाषेत सांगावयाचे, तर भाराने स्प्रिंग २५ सेंमी. दबत असेल तर गाडी सेकंदास सु. एकदा हेलकावते, ही गती माणसाच्या चालण्याच्या लयीजवळची असल्याने सुखावह वाटते. दाब केवळ ६ सेंमी. असेल तर हीच गती सेकंदास सु. दोन होते व हादरे जाणवू लागतात. जादा पाटे घातलेली पिकअप रिकामी परतताना हौदा आपटत जाते, याचे कारण हेच. अशा वेळी मागची चाके क्षणभर जमीन सोडतात व ओल्या उतारावर गतिरोधक लावल्यास गाडी घसरते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी, की पाटे वाढविल्याने गाडीची केवळ स्प्रिंग बळकट होते. आस, बेअरिंग, टायर, गतिरोधक व सांगाडा हे मूळच्याच क्षमतेचे राहतात. जादा पाट्यांमुळे भार वाढूनही गाडी मागे बसत नाही. परिणामी जास्त भार झाल्याची जी खूण डोळ्यांना दिसावयाची, तीच नाहीशी होते.

पाटे सामान्यतः सिलिकॉन-मँगॅनीज पोलादाचे असून ते तापवून तेलात विझवितात व पुन्हा मध्यम तापमानास तापवून त्यांना आवश्यक चिवटपणा आणतात. नंतर त्यांच्या पृष्ठावर पोलादी छर्‍यांचा मारा केल्यास ते अधिक काळ टिकतात. दीर्घ वापराने बसलेल्या पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देण्याचे काम रस्त्यालगतच्या कारागिरांकडे चालते. कुशल हाताने थंड अवस्थेत दिलेली कमान काही काळ चालते. मात्र पाटा भट्टीत लाल करून वाकविला आणि पुन्हा योग्य उष्णता-संस्कार केला नाही, तर तो एकतर मऊ पडतो किंवा ठिसूळ होऊन भाराखाली अचानक तुटतो.

उंचावणीच्या पद्धती : सांगाडा उंच करण्याच्या चार रीती प्रचलित आहेत. (१) आस व पाटे यांमध्ये लोखंडी ठोकळा घालणे. ही स्वस्त पद्धत केवळ मागील आसासाठी वापरतात. गतिरोधक लावताना ठोकळ्यावर मोठा पीळ येतो, म्हणून पुढील आसाला ती धोकादायक मानतात; एकावर एक ठोकळे रचणे सर्वथा वर्ज्य होय. (२) शॅकल लांब करणे. शॅकल जितकी लांब केली, त्याच्या सु. निम्मीच उंची गाडीला मिळते. तसेच आसाचा कोन बदलतो आणि पुढील बाजूस तसे केल्यास सुकाणू सरळ परतण्याची प्रवृत्ती बिघडू शकते. (३) अधिक कमानीच्या पाट्यांचा वा उंच मळसूत्री स्प्रिंगांचा, जुळत्या लांबीच्या धक्काशोषकांसह पूर्ण संच बसविणे. ही महाग पण सुसंगत पद्धत होय. (४) पुढे पीळदांडा असलेल्या गाडीत त्याचा खिळा आवळून पुढची बाजू उचलणे. यासाठी खर्च जवळजवळ येत नाही; मात्र चाकाची एकूण हालचाल वाढत नाही, केवळ तिची विश्रांतीची जागा सरकते, त्यामुळे खड्ड्यात चाक खाली जाण्यास जागा उरत नाही. याशिवाय सांगाडा व शरीर यांमध्ये रबरी वा धातूचे तुकडे घालून शरीर उचलतात. त्यामुळे निलंबन बदलत नाही, मोठ्या टायरांना केवळ जागा होते.

या सर्व रीतींविषयीचा एक सामान्य गैरसमज नमूद करण्याजोगा आहे. सलग आसाच्या गाडीत सर्वांत खाली असतो तो आसाच्या मध्यावरील दंतचक्रांचा गोळा (डिफरन्शियल). स्प्रिंगांनी सांगाडा कितीही उचलला, तरी हा गोळा तेथेच राहतो. तो उंच होतो केवळ टायराचा व्यास वाढविल्यास आणि तोही वाढीच्या निम्म्याने. ७५ सेंमी. व्यासाऐवजी ८० सेंमी. व्यासाचे टायर बसविल्यास गोळा अडीच सेंमी. उचलला जातो. या टायरांमुळे वेगदर्शकही चुकतो. तो ताशी ६० किमी. दाखवीत असताना खरा वेग सु. ६४ किमी. असतो. शिवाय गतिरोधकांवरचा ताण वाढतो व चढावर इंजिनाची ओढ कमी पडते. उंचावणीमुळे गोळा उंच होत नसला, तरी चढ-उताराच्या टोकाशी गाडीचे नाक, पोट वा शेपूट घासणे मात्र निश्चित कमी होते. नाल्याच्या काठावर हा फायदा खरा असतो. त्याचबरोबर प्रोपेलर शाफ्टचे सांधे अधिक तिरके होऊन लवकर झिजतात आणि गतिरोधकांच्या तेलनळ्या ताणल्या जातात. त्यांची लांबी तपासणे अत्यावश्यक असते.

गुरुत्वमध्य व उलटण्याचा धोका : दोन चाकांमधील अंतराचा निम्मा भाग व गुरुत्वमध्याची उंची यांचे गुणोत्तर जितके मोठे, तितकी गाडी स्थिर. उदाहरणार्थ, १,५०० किग्रॅ. वजनाच्या, चाकांमधील अंतर १·४ मी. असलेल्या व रिकामी असता गुरुत्वमध्य जमिनीपासून ०·७ मी. उंचीवर असलेल्या पिकअपची कल्पना करावी. तिच्या हौद्यात १,००० किग्रॅ. खत सखल रचून ठेवले, तर एकत्रित गुरुत्वमध्य सु. ०·८४ मी. उंचीवर येतो. २० मी. त्रिज्येच्या सपाट वळणावर ती ताशी सु. ४६ किमी. वेगास उलटण्याच्या सीमेवर पोहोचते. त्याच हौद्यात तेवढ्याच वजनाची वीस माणसे उभी केली, तर गुरुत्वमध्य सु. १·१ मी. होतो व ही मर्यादा ताशी सु. ४० किमी.वर येते. गाडी १० सेंमी. उंच केली असेल, तर ती आणखी घटून सु. ३८·५ किमी. होते.

हे गणित गाडी एकसंध ताठ वस्तू आहे असे मानून केलेले आहे. प्रत्यक्षात स्प्रिंगा व टायर एका बाजूला दबतात, वळणावर माणसे बाहेरच्या बाजूस झुकतात व रस्ता उताराचा असतो. त्यामुळे खरी मर्यादा याहून खाली असते. या आकड्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. उंचावणीने स्थैर्य निश्चितपणे घटते. परंतु हौद्यात उभ्या माणसांमुळे ते त्याहून अधिक घटते. दोन्ही एकत्र आल्यास चालकाच्या हाती फारच थोडा अवकाश उरतो.

कायदा व तपासणी : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील, निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या तत्त्वाचा पुनरुच्चार केला. गाडीची उंची, टायराचा आकार व आसावरील भार या बाबी निर्मात्याच्या मूळ मान्यतेशी निगडित असतात. ही मान्यता पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था यांसारख्या संस्थांच्या चाचण्यांवर आधारलेली असते. जादा भारासाठी २०१९ च्या सुधारणेने २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा दंड ठरविला. पाटे वाढविल्याने नोंदणीतील अनुज्ञेय वजन वाढत नाही. तसेच न कळविलेल्या फेरफारामुळे अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते.

निवड : वरील विवेचनावरून निलंबनात फेरफार करण्याचा एक क्रम सुचतो. प्रथम गाडी मूळ स्थितीत आहे की नाही, हे पाहावे. बसलेले पाटे, झिजलेले बुश, सैल यू बोल्ट व तेल गळणारे धक्काशोषक बदलले, की गाडी पुष्कळदा हरवलेली उंची व पकड परत मिळविते. मालकाला उंचावणीची वाटणारी गरज ही अनेकदा दुरुस्तीचीच गरज असते. दुसरे, मार्ग व माल निश्चित करावेत. कोरीटहून नंदुरबारच्या बाजारात माल नेणाऱ्या सखल भागातील गाडीला उंचीची नव्हे, तर अनुज्ञेय भारात योग्य दबणाऱ्या पाट्यांची, चांगल्या धक्काशोषकांची व चिखलात पकड देणाऱ्या मूळ मापाच्या टायरांची गरज असते. मालाचे वजन वारंवार मर्यादेबाहेर जात असेल, तर पाटे वाढविण्यापेक्षा दोन खेपा करणे वा अधिक क्षमतेची गाडी घेणे अंती स्वस्त पडते. तिसरे, सातपुड्यातील वाटांवर उंची खरोखरच हवी असेल, तर मूळ निर्मात्याने तशीच बनविलेली, चारही चाकांना शक्ती देणारी गाडी निवडणे हा श्रेयस्कर मार्ग होय. कारण तिच्यात उंचीबरोबर चाकांमधील अंतर, गतिरोधक व सुकाणू यांचाही मेळ घातलेला असतो. चौथे, ज्या गाडीच्या हौद्यात कधीही माणसे बसण्याचा संभव आहे, ती गाडी उंच करू नये.

निलंबनाच्या इतिहासात पेंढ्याच्या गादीपासून पोलादी पाट्यापर्यंतची प्रगती वाहनातील माणसाला होणारा त्रास कमी करण्यासाठी झाली. ग्रामीण भागात मात्र पाट्याचे सामर्थ्य मुख्यतः मालाच्या वजनावरून मोजले गेले आणि हौद्यातील माणूस त्या हिशेबात धरला गेला नाही. नियमित बससेवा व टिकाऊ रस्ता ज्या पाड्यापर्यंत पोहोचतो, तेथे पिकअपला मालवाहू गाडीचेच काम उरते व तिच्या निलंबनाचा प्रश्नही पुष्कळसा सुटतो. तोपर्यंत पाटा बदलणाऱ्या कारागिराचा व तो बदलून घेणाऱ्या मालकाचा निर्णय घाटातील वळणावर इतरांच्या जिवाशी निगडित राहतो.